भरपाईसाठी जखमेचा कागद हवा, आख्खी फाईल कशाला?

प्रति,
श्रम विभाग, गुजरात सरकार;
भरपाईचे दावे ऐकणारे अधिकारी;
तसंच बडोद्याच्या औद्योगिक वसाहतींमधले कारखानदार, त्यांच्या विमा कंपन्या आणि जखमी कामगार जिथे आणले जातात त्या रुग्णालयांचे व्यवस्थापक यांना

सादर नमस्कार.

मी बडोद्यातल्या एका रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात, म्हणजे सगळे ज्याला एमआरडी म्हणतात तिथे, काम करते. माझे पती मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर सेटर होते. डाय, म्हणजे साचा, बदलताना प्रेस खाली आला आणि त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं, तर्जनी आणि मधलं, मुळापासून गेली. पगार २१,००० च्या वर, म्हणून ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू नाही. म्हणून कारखान्याकडे आणि पर्यायानं त्याच्या विमा कंपनीकडे भरपाईचा दावा केला. अपघात नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू होण्याआधीचा असल्यामुळे दावा कामगारांच्या भरपाईच्या १९२३ च्या जुन्या कायद्याखाली आहे. त्याचा निकाल काय लागायचा तो लागेल, त्याबद्दल मी इथे एक शब्दही लिहिणार नाही. हे पत्र आहे ते त्या दाव्याच्या नावाखाली आमच्या घरातले कोणते कागद कुणाकुणाच्या हातात गेले, त्याबद्दल.

अपघातानंतर ते ज्या रुग्णालयात भरती झाले, तिथेच आम्ही दोघं पूर्वी अनेक वर्षं जात होतो. लग्नानंतर बराच काळ आम्हाला मूल नव्हतं. त्या उपचारांत माझे गर्भपात झाले, ह्यांच्याही तपासण्या झाल्या. मधल्या काळात, माझे सासरे गेल्यानंतर, ह्यांना झोप येईना, कामावर जावंसं वाटेना, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांनी काही महिने गोळ्या दिल्या होत्या. हे सगळं एकाच नोंदणी क्रमांकाखाली होतं. वंध्यत्वाच्या उपचारात नवरा-बायकोचे रिपोर्ट एकत्रच टाचलेले असतात, त्यामुळे माझे कागदही ह्यांच्याच फाईलमध्ये होते.

विमा कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर आला आणि ती आख्खी फाईल झेरॉक्स करून घेऊन गेला. एक प्रत कारखान्याच्या एचआरकडे पोहोचली. तिथून ती कुठे कुठे फिरली ते मला आजही पूर्ण कळलेलं नाही. एवढं माहीत आहे की ह्यांच्या सुपरवायझरनं शॉप फ्लोअरवर चार माणसांत विचारलं, "डोक्याच्या गोळ्या चालू होत्या का तेव्हा?" आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाला ह्यांच्या एका सहकाऱ्याच्या बायकोनं मला बाजूला घेऊन, अगदी आपुलकीनं, माझ्या गर्भपातांबद्दल हळहळ व्यक्त केली. जी गोष्ट मी सासूबाईंनाही कधी सांगितली नव्हती, ती दांडिया बाजारातल्या त्या दिवाणखान्यात बसलेल्या बाईला माहीत होती. तिचा यात काही दोष नाही. तिच्यापर्यंत ती पोहोचायलाच नको होती.

आम्ही कारखान्याकडे लेखी तक्रार केली. उत्तर आलं ते एका ओळीचं: संमतिपत्रावर सही तुमचीच आहे. त्या उत्तरामुळे मला हे पत्र जाहीरपणे लिहावं लागत आहे.

ती सही कशी झाली ते सांगते. ऑपरेशननंतर ह्यांचा उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये होता, सलाईन चालू होतं. कारखान्याचा माणूस कागद घेऊन वॉर्डात आला आणि म्हणाला, "क्लेमसाठी लागतं, इथे करा." ह्यांनी डाव्या हातानं सही केली. फॉर्म बारीक इंग्रजीत होता. त्यात लिहिलं होतं की कोणत्याही डॉक्टरनं, कोणत्याही रुग्णालयानं, कोणत्याही काळातली, कोणतीही वैद्यकीय माहिती विमा कंपनीला आणि तिच्या प्रतिनिधींना द्यावी. किती दिवसांसाठी, कोणत्या कारणासाठी, ती माहिती पुढे कुणाला दाखवणार, याबद्दल एक अक्षर नाही. गुजराती आम्ही दोघंही सहज वाचतो, इथेच शाळा झाली. मराठी तर घरचीच. पण तो कागद आमच्या वाचता येणाऱ्या भाषेत आणायचं कुणाला सुचलं नाही, आणि तो वाचायला सवडही दिली नाही. दुखण्यानं कळवळणाऱ्या माणसाच्या डाव्या हातून घेतलेल्या सहीला संमती म्हणायला मी तयार नाही.

आता मला तुमच्यासमोर एक हिशेब मांडायचा आहे, कारण सगळा मुद्दा त्या हिशेबात आहे.

१९२३ च्या कायद्यात कायमच्या अपंगत्वाची भरपाई कशी काढायची ते ठरलेलं आहे. महिन्याच्या वेतनाच्या ६० टक्के रक्कम घ्यायची. वेतन कितीही असो, ते १५,००० च्या वर धरत नाहीत (पंचवीस हजार मिळवणाऱ्याची बोटं पंधरा हजारांच्या दरानं मोजतात, यावर कधीतरी वेगळं पत्र लिहावं लागेल). म्हणजे ९,००० रुपये. त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकानं गुणायचं. ४५ वर्षांसाठी तो १६९.४४ आहे. मग पहिल्या परिशिष्टात बघायचं, एका हाताची दोन बोटं गेली तर कमावण्याची ताकद किती टक्के गेली असं धरतात. तिथे २० टक्के लिहिलं आहे. गुणाकार केला की ३,०४,९९२ रुपये येतात.

वेतन, वय आणि गेलेली बोटं. यात माझा गर्भपात कुठे बसतो? ह्यांचा वीर्य तपासणीचा रिपोर्ट कोणत्या रकान्यात भरायचा? सासरे गेल्यावर घेतलेल्या झोपेच्या गोळ्यांनी १६९.४४ चा आकडा बदलतो का?

मग हे कागद मागतात कशासाठी? मी ज्या खिडकीमागे बसते तिथून मला ते दिसतं, म्हणून लिहिते. कायद्याच्या कलम ३ मध्ये मालकाला काही सूट आहे. अपघाताच्या वेळी कामगार दारूच्या किंवा अमली औषधांच्या अमलाखाली असेल, किंवा त्यानं सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला असेल, गार्ड जाणूनबुजून काढला असेल, आणि त्याचमुळे इजा झाली असेल, तर मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व सोडून बाकी इजांना मालक जबाबदार नाही. साध्या निष्काळजीपणाला मात्र ही सूट नाही. म्हणून जुन्या केस पेपरांत "दारू" किंवा "गोळ्या" असा एखादा शब्द सापडतो का, याचा शोध चालतो. पाच-सात वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवरून अपघाताच्या त्या मिनिटाबद्दल काहीच सिद्ध होत नाही, हे शोधणाऱ्यालाही माहीत असतं. त्या दिवशी माणूस नशेत होता की नाही, हे त्याच दिवशीच्या रक्ताच्या तपासणीवरून आणि कॅज्युअल्टीच्या नोंदीवरून कळतं. पोलिसांत कळवलेली केस असेल तर एमएलसीच्या, म्हणजे पोलीस केसच्या वैद्यकीय नोंदीच्या, कागदांवरही ते असतं. जुनी फाईल आणतात ती दबाव टाकायला.

आणि तो दबाव टाकला गेला. समझोत्याची बोलणी करायला आम्हाला बोलावलं तेव्हा टेबलावर ती फाईल होती. रक्कम सांगितली ती हिशेबापेक्षा बरीच कमी. आवाज न चढवता एक वाक्य बोललं गेलं: "दावा पुढे नेलात तर हे सगळं सुनावणीत वाचलं जाईल. बहनना पण कागळ छे आमां." बहिणीचे कागद आहेत यात. ती बहीण म्हणजे मी, समोरच बसले होते.

माझ्या तक्रारी अशा आहेत.

पहिली, आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत गंभीर: मी या दाव्यात कुणीच नाही. मी जखमी नाही, कामगार नाही, मी कोणत्याही कागदावर सही केलेली नाही. माझी माहिती माझ्या परवानगीशिवाय, नवऱ्याच्या सहीवर दिली गेली. कोणत्या कायद्यानं नवऱ्याला बायकोच्या शरीराची माहिती देऊन टाकायचा अधिकार दिला आहे, ते त्या रुग्णालयानं सांगावं.

दुसरी तक्रार माझ्याच व्यवसायातल्या लोकांबद्दल आहे आणि ती लिहिताना मला जड जातं. वैद्यकीय आचारसंहितेचे २००२ चे नियम स्पष्ट आहेत. रुग्णाचं गुपित डॉक्टरनं उघड करायचं नाही. न्यायाधीशांचा आदेश, एखाद्या माणसाला किंवा समाजाला ठोस धोका आणि सरकारला कळवायचे आजार, एवढेच अपवाद आहेत. त्याच नियमांत असंही आहे की रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं आपले कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे. प्रत्यक्षात काय चालतं? रुग्ण स्वतः आला की अर्ज, ओळखपत्र, फी, सही, "साहेब नाहीत, उद्या या". लेटरहेड घेऊन इन्व्हेस्टिगेटर आला की "बेन, आखी फाईल आपी दो ने" (आख्खी फाईल देऊन टाका ना) एवढं म्हणतो आणि बऱ्याच ठिकाणी फाईल मिळते. कोणती पानं दिली याची नोंद नाही. रुग्णाला कळवणं तर दूरच.

तिसरी: मानसिक आजाराची माहिती गोपनीय ठेवायचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ नं दिला आहे. ह्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी तरीही सुपरवायझरच्या मोबाईलमध्ये फोटो होऊन बसली. वैद्यकीय नोंदी ही संवेदनशील माहिती आहे, ती लेखी संमतीनं आणि गरजेपुरतीच घ्यायची, असं माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम कंपन्यांना सांगतात. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. कायदे कमी नाहीत. मकरपुऱ्याच्या गेटच्या आत ते कुणी वाचलेले दिसत नाहीत.

चौथी तक्रार पुढच्या काळाची आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, त्यातली मुख्य बंधनं दीड वर्षानं लागू होणार आहेत. त्या कायद्यात चांगलं बरंच आहे. संमती मोकळेपणानं दिलेली, विशिष्ट कारणापुरती आणि आवश्यक तेवढ्याच माहितीची असावी, आणि संमतीची विनंती संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय असावी, असं त्यात आहे. पण त्यातच कलम ७ मध्ये म्हटलं आहे की नोकरीच्या कारणांसाठी किंवा मालकाला नुकसान आणि दायित्व यांपासून वाचवण्यासाठी संमतीविना माहिती वापरता येईल. भरपाई हे मालकाचं दायित्वच आहे. उद्या कुणीही एचआर मॅनेजर या एका ओळीवर बोट ठेवून आख्खी फाईल मागेल. शिवाय २०११ च्या नियमांत वैद्यकीय माहितीला जो वेगळा, संवेदनशील दर्जा होता, तो नव्या कायद्यात राहिलेला नाही. म्हणून राज्य सरकारनं आत्ताच, संहितेखालचे नियम आणि फॉर्म ठरवतानाच, या गोष्टीचा बंदोबस्त करावा असं मी म्हणते.

मालकांचं म्हणणं मला ठाऊक आहे. खोटे दावे येतात, जुनी इजा नवी म्हणून दाखवतात. असं होत असेल. एमआरडीत बसून मीही काही विचित्र कागद पाहिले आहेत. त्यासाठी १९२३ च्या कायद्यानं मालकाच्या हातात एक रास्त मार्ग दिलेला आहे. कलम ११ प्रमाणे, अपघाताची नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत मालकानं मोफत वैद्यकीय तपासणी देऊ केली तर कामगारानं ती करून घेतलीच पाहिजे. विनाकारण नकार दिला तर त्याचा भरपाईचा हक्क तेवढ्यापुरता थांबतो. आमच्या वेळी तशी तपासणी कुणी देऊ केली नाही. हात तपासा, एक्स-रे काढा, दहा डॉक्टरांना दाखवा, आम्ही तयार होतो. हक्क थांबतो तो तपासणीला नकार दिल्यावर. जुनी फाईल उघडायला नकार दिला म्हणून हक्क थांबतो, असं त्या कलमात कुठेही नाही.

काही दाव्यांत जुन्या नोंदी खरोखरच लागतात, हेही मान्य करते. नंदेसरीच्या रसायन कारखान्यात काम करून कुणाला दमा झाला, त्वचेचा आजार झाला, तर आधीपासून होता का हे बघावं लागेल. सिलिकोसिस (दगडाच्या बारीक धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार) आणि क्षयरोग यांच्यात तर घोटाळा होतोच, तिथे जुने एक्स-रे नसतील तर कामगाराचंच नुकसान. गोध्र्याच्या क्वार्ट्झ कारखान्यांत काम करून झाबुआ-अलीराजपूरचे आदिवासी मजूर सिलिकोसिसनं मेले. त्यातल्या २३८ जणांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्या असं सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये सांगावं लागलं. रोजावरच्या त्या माणसांजवळ नोकरीचा कागद मिळणं मुश्कील होतं. कामगाराच्या बाजूचा कागद इतका दुर्मिळ आणि त्याच्याविरुद्ध वापरता येईल असा कागद इतका स्वस्त, हे चित्र मला अस्वस्थ करतं. तर, जिथे जुन्या नोंदी लागतात तिथेही त्या छातीच्या आजारासाठी छातीच्या, आणि वाचणार तो डॉक्टर. एचआरचा क्लार्क छातीचा एक्स-रे वाचत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

संमतिपत्राचा एकच सरकारी नमुना ठरवा. त्यात अपघाताची तारीख, जखमी अवयव, रुग्णालयाचं नाव आणि संमतीची मुदत हे रकाने असू द्या. "कोणतीही माहिती, कोणत्याही काळातली" असं लिहिलेला फॉर्म दाव्यात ग्राह्य धरू नका. फॉर्म गुजराती, हिंदी किंवा कामगार मागेल त्या भाषेत हवा. बडोद्यात मराठी, ओडिया, भोजपुरी बोलणारे कामगार मोठ्या संख्येनं आहेत. माणूस भरती असताना वॉर्डात सही घेऊ नये आणि दिलेली संमती मागे घेता यावी.

मालकाला फक्त एक पानाचं प्रमाणपत्र मिळावं: इजा काय, किती टक्के, कामावर कधी परतता येईल, कोणतं काम करता येणार नाही. त्याहून जास्त काही लागलं तर ते रुग्णालयातून थेट तपासणाऱ्या डॉक्टरकडे किंवा दावा ऐकणाऱ्या आयुक्तांकडे मोहोरबंद जावं.

मानसिक आरोग्य, एचआयव्ही, प्रजनन आणि कुटुंबातल्या दुसऱ्या कुणाचीही पानं देणं बंद करा. अगदी लागलीच तर आयुक्तांनी कामगाराचं, आणि ज्याची ती पानं आहेत त्याचं, म्हणणं ऐकून लेखी कारणांसह आदेश काढावा.

रुग्णालयांनी बाहेर गेलेल्या प्रत्येक पानाची नोंद ठेवावी आणि रुग्णाला त्याची प्रत द्यावी. हे काम अवघड नाही. एक रजिस्टर आणि एक सही, एमआरडीत आम्ही दिवसभर हेच करतो.

समझोत्याचा करार १९२३ च्या कायद्याच्या कलम २८ प्रमाणे आयुक्तांकडे नोंदवावा लागतो आणि रक्कम अपुरी असेल किंवा दडपणानं मान्य करून घेतली असेल तर ते नोंदणी नाकारू शकतात. त्या वेळी कामगाराला एकट्याला बसवून विचारा की तुझे खाजगी कागद दाखवून तुला कमी रकमेवर राजी केलं का? नव्या संहितेच्या नियमांत हा प्रश्न छापीलच घाला.

दावा संपला की मालकाकडच्या आणि विमा कंपनीकडच्या प्रती परत घ्याव्यात किंवा नष्ट कराव्यात आणि तसं लेखी कळवावं. फोटो, व्हॉट्सॲप, ईमेल सगळ्याला हे लागू असावं.

आमच्या बाबतीत त्या कारखान्यानं आणि त्या रुग्णालयानं माझ्या नावाची सगळी पानं कुणाकुणाला दिली त्याची यादी मला लेखी द्यावी. नावं न घेता हे पत्र लिहिलं आहे, कारण मला कुणाची बदनामी करायची नाही. ज्यांना हे पत्र लागू आहे त्यांना ते कळेलच. श्रम विभागाकडून या मागण्यांवर लेखी उत्तर अपेक्षित आहे. जे उत्तर येईल ते मी याच पत्रासारखं सगळ्यांना वाचायला देईन. आणि कारखान्यांत काम करणाऱ्या भावांना आणि त्यांच्या घरच्यांना सांगते, कोऱ्या किंवा न वाचता येणाऱ्या संमतिपत्रावर सही करू नका. फॉर्मवरची "कोणतीही" आणि "सर्व" अशी अक्षरं खोडा, शेजारी जखमी अवयव आणि अपघाताची तारीख स्वतःच्या अक्षरात लिहा, सही करा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. तेवढ्यावरून कुणी दावा अडवला तर अडवण्याचं कारण लेखी मागा.

आपली,
एका जखमी कामगाराची पत्नी आणि एमआरडीतली कर्मचारी,
बडोदं